आपातानींचे गोंदण आणि नाकातील बुचे : पार्श्वभूमी

अरुणाचल प्रदेशातील झिरो खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, आपातानी लोकांची वस्ती आहे. त्यांच्यातील वृद्ध स्त्रियांच्या चेहऱ्यावर कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरलेली निळसर काळी रेघ, हनुवटीवर पाच उभ्या रेघा आणि दोन्ही नाकपुड्यांत बसवलेली काळी गोल बुचे आजही दिसतात. ही बुचे ‘यापिंग हुल्लो’ या नावाने ओळखली जातात. गोंदण लहानपणीच होई. काटे कातडीत टोचून त्या जखमेत चरबीत कालवलेली काजळी भरली जाई. नाकपुड्यांची भोके मात्र आधी लहान पाडून, नंतर क्रमाक्रमाने जाड बूच घालून वाढवली जात.

आपातानी स्त्रिया देखण्या असल्याने शेजारच्या निशी जमातीचे लोक त्यांना पळवून नेत, म्हणून त्यांना मुद्दाम कुरूप करण्यात आले, ही कथा प्रत्येक पर्यटकाला हमखास ऐकवली जाते. तिच्यावर सर्वस्वी विसंबणे कठीण आहे. निशींशी आपातानींचे वैर होते हे खरे. मात्र त्या झटापटींत पुरुषही धरले जात आणि खंडणी घेऊन सोडले जात, तर एरवी याच शेजाऱ्यांशी भाताच्या मोबदल्यात मिथुन (गव्यासारखे अर्धपाळीव जनावर) घेण्याचा व्यवहार चाले. शिवाय पुरुषांच्याही हनुवटीवर गोंदण असे, आणि त्यांना कुरूप करण्याचे कारण ही कथा सांगत नाही. गोंदण ही आपण आपातानी असल्याची खूण होती, हे स्पष्टीकरण अधिक पटते.

1944 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या खोऱ्यात पोचले, तेव्हा ही प्रथा सर्रास होती. (आदिलाबादच्या राजगोंडांवरील कामामुळे हे नाव आपल्याकडील अभ्यासकांच्या परिचयाचे आहे.) स्वातंत्र्यानंतर शाळा, रस्ते आणि सरकारी नोकऱ्या आल्या, खोऱ्याबाहेर शिकायला गेलेल्या तरुणांना चेहऱ्यावरची ही खूण अडचणीची वाटू लागली. अखेर 1970च्या दशकात आपातानी युवकांच्या संघटनेनेच गोंदण आणि बुचे या दोन्हींवर बंदी घातली. सरकारी फतव्याने असे काही साधले असते का, याची शंकाच आहे. घरच्याच मुलांनी घातलेली ही बंदी मात्र टिकली. त्यानंतरच्या पिढीतील मुलींचे चेहरे कोरे राहिले.