विजेची शेगडी : घरगुती दुरुस्ती

विजेच्या शेगडीची जळालेली कॉइल, सैल झालेले जोड, कडक पडलेली वायर, काळवंडलेली पिन असे भाग घरच्या घरी बदलण्याचे काम. सोलापुरात विजेची शेगडी म्हणजे दोन वेगळ्या वस्तू. एक, चिनी मातीच्या प्लेटच्या खाचेत उघडी कॉइल बसवलेली जुनी शेगडी. दुसरी, काचेच्या पृष्ठाची इंडक्शन. पहिली जवळजवळ सगळीच घरी दुरुस्त होते, दुसरीचे मोजकेच भाग घरी हाताळावेत. गॅस सिलिंडर अचानक संपला की माळ्यावरून खाली येते ती बहुधा पहिलीच, आणि वर्षभर न पाहिलेल्या या शेगडीचे दुखणे नेमके त्याच दिवशी कळते.

कॉइल निक्रोम या मिश्रधातूच्या तारेची असते. त्यात साधारण ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम. या मिश्रधातूचे पेटंट अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली मिळाले. निक्रोम सुमारे १,४०० अंश सेल्सिअसला वितळते, पण लाल होऊनही ते टिकते त्याचे कारण वेगळे आहे. तापल्यावर क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून तारेवर ऑक्साइडचा घट्ट पापुद्रा धरते आणि आतला धातू जळत नाही. नवी चकचकीत कॉइल पहिल्याच वापरात काळपट होते, ती खराब झाली असे समजून अनेक जण दुकानात परत घेऊन जातात. तो काळेपणाच तिचे कवच आहे.

हे कवच फुटते ते स्वयंपाकामुळेच. उतू गेलेले दूध, वरणाचे पाणी, मीठ घातलेले आधण तापलेल्या तारेवर सांडले की तार त्या जागी एकदम थंड होते आणि क्षार तिथेच चिकटतात. बोअरचे पाणी असेल तर पांढरा थर लवकर धरतो. जाड थराखाली उष्णता कोंडते आणि तार तिथे तुटते. भाकरी करणाऱ्या घरांत आणखी एक गोष्ट दिसते. परातीतले ज्वारीचे पीठ उडून खाचेत पडते आणि जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून शेगडी पूर्ण गार झाल्यावर, पिन काढून, कोरड्या ब्रशने खाच झाडणे हीच पहिली दुरुस्ती. ओले फडके खाचेत फिरवू नये, चिनी मातीच्या बारीक भेगांत पाणी मुरते.

तुटलेल्या कॉइलची दोन टोके एकमेकांत पिळून शेगडी पुन्हा सुरू करणे ही फार जुनी सवय आहे, आणि या नोंदीत सर्वांत आग्रहाने नाकारण्याजोगी गोष्ट तीच. पिळलेल्या जोडात धातू धातूला घट्ट टेकत नाही. तापून-गार होऊन तो सैल पडतो, ठिणग्या पडतात आणि जोड जळतो. दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. २३० व्होल्टवर २,००० वॉटची कॉइल सुमारे ८.७ अँपिअर घेते, म्हणजे तिचा रोध साधारण २६.५ ओहम असतो. जोडताना तिचा दहावा भाग गमावला तर रोध सुमारे २३.८ ओहमवर येतो आणि कॉइल २,२०० वॉटच्या वर जाते. तार कमी, वीज जास्त. त्यामुळे उरलेल्या तारेच्या प्रत्येक सेंटिमीटरवर पूर्वीपेक्षा सुमारे २३ टक्के अधिक ताप पडतो. एकदा जोडलेली कॉइल महिन्याभरात दुसऱ्या जागी तुटते ती याचमुळे, नशिबामुळे नव्हे. नवी कॉइल शेगडीतली सर्वांत स्वस्त वस्तू आहे. ती वाचवण्यात काहीच शहाणपण नाही.

दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘हजारची देऊ का दोन हजारची?’ उत्तर अंदाजाने देऊ नये, शेगडीच्या पत्र्यावरचा आकडा वाचून जावे. हजार वॉटच्या शेगडीत दोन हजारची कॉइल घातली तर स्वयंपाक लवकर होतो खरा, पण तिची वायर, स्विच आणि पिन ४.३ अँपिअरच्या हिशोबाने निवडलेली असते. दोन हजारच्या शेगडीला १६ अँपिअरचे पॉवर सॉकेटच लागते. दिव्याच्या बोर्डावरचे ६ अँपिअरचे सॉकेट तिच्यासाठी नाही.

नवी कॉइल आखूड, घट्ट स्प्रिंगच्या रूपात मिळते. ती ओढून खाचेइतकी लांब करायची असते आणि घरातले काम बहुतेक इथेच फसते. आधी जुनी कॉइल काढावी. ती हातात घेतली की काडीसारखी मोडते, म्हणून डोळे जपावेत. मग खाचेतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा फिरवून लांबी मोजावी, दोरा जमिनीवर सरळ पसरावा आणि त्याच्या मध्यावर खूण करावी. कॉइलची दोन टोके धरून हळूहळू ओढावे, सोडावे, दोऱ्याशी ताडून पाहावे, पुन्हा ओढावे. सोडल्यावर ती थोडी आखडते, ते धरूनच अंदाज घ्यावा. एका दमात ओढून जास्त लांब झालेली कॉइल परत दाबून नीट होत नाही. वेटोळ्यांतले अंतर सगळीकडे सारखे हवे. जिथे वेटोळी दाट राहतात तिथे ताप साठतो, तो तुकडा बाकीच्यांपेक्षा लख्ख पेटतो आणि पुढच्या वेळी तिथेच तुटतो. कॉइलचा मध्य दोऱ्याच्या मध्यावर आला की दोन्ही अर्ध्यांत सारखी वेटोळी आहेत हे मोजून पाहता येते. खाचेत बसवल्यावर ती कुठेही वर उचललेली नसावी, कारण उघड्या कॉइलमध्ये वीज खेळती असते आणि पातेल्याचा बूड तिला टेकला तर पातेलेच जिवंत होते.

टोकांची तार दुहेरी करून पीळ द्यावा, म्हणजे तो भाग कमी तापतो. ती स्क्रूखाली दोन वॉशरांमध्ये, स्क्रू आवळण्याच्या दिशेने वळवून बसवावी. स्क्रू काळा पडला असेल तर पॉलिश पेपरने घासण्यापेक्षा बदललेला बरा. इथे डाग देऊन (सोल्डर करून) चालत नाही. साध्या कथिल-शिशाच्या डागाचे मिश्रण १८३ अंशांच्या आसपासच वितळू लागते. प्लेटखालच्या तारेवर चिनी मातीचे मणी किंवा काचतंतूची स्लीव्ह असते. मणी फुटले असतील तर तेही बदलावेत, प्लास्टिकची टेप त्या जागी वितळते. पिनची वायर तांब्याची, तीन पदरी, दोन हजार वॉटसाठी किमान १.५ चौरस मिलिमीटरची घ्यावी. पिन न लावता उघडी टोके सॉकेटमध्ये काडी खोचून बसवण्याची पद्धत अजून दिसते. तिच्यात अर्थिंग तर नसतेच, शिवाय पाय अडकला की जिवंत टोके फरशीवर पडतात.

हिरवी वायर शेगडीच्या पत्र्याला रंग खरवडून, स्क्रूने आवळून जोडावी. मल्टिमीटरने पिनच्या जाड, लांब पायापासून पत्र्यापर्यंत रोध एका ओहमच्या आत यायला हवा. पण ही झाली शेगडीची बाजू. घराचे अर्थिंग जमिनीत असते आणि सोलापूरचा उन्हाळा चाळीस अंशांच्या पुढे जातो. कोरड्या मुरमात अर्थिंगचा खड्डा सुकला की त्याचा रोध वाढतो, आणि पावसाळ्यात नीट असलेले अर्थिंग मेमध्ये दुबळे पडते. खड्ड्यात अधूनमधून पाणी घालण्याची जुन्या वायरमनांची शिकवण म्हणूनच मोलाची आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हे जिवावर येते, पण धुण्याचे उरलेले पाणीही पुरते. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असेल तर त्याचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

काम संपल्यावर थेट सॉकेटमध्ये पिन घालू नये. शंभर वॉटच्या जुन्या पद्धतीच्या बल्बचा सिरीज लॅम्प दुरुस्तीच्या दुकानांत असतो. शेगडी त्याच्यातून जोडली की बल्ब जवळपास पूर्ण तेजाने लागतो आणि कॉइल मात्र गारच राहते. बल्ब लागलाच नाही तर कुठेतरी तार तुटलेली किंवा जोड सुटलेला आहे. मग सिरीज लॅम्पचे एक टोक पिनच्या फेजच्या पायाला आणि दुसरे शेगडीच्या पत्र्याला जोडून, माणसाने हात न लावता, पाहायचे: बल्ब किंचितही लागला तर कॉइल किंवा वायर पत्र्याला टेकते आहे. ही दुसरी तपासणी जाणत्याकडूनच करून घ्यावी. यानंतर शेगडी थेट सॉकेटला लावली की पहिल्या पाच मिनिटांत धूर आणि वास येतो, तो तारेवरच्या तेलाचा. खिडकी उघडी ठेवावी आणि वर भांडे ठेवू नये.

इंडक्शनमध्ये तापणारी तार नसते. काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यातून जलद बदलणारा प्रवाह जातो आणि भांड्याचा लोखंडी बूड स्वतः तापतो. इथे घरी करण्याजोगे काम म्हणजे पंखा साफ करणे किंवा बदलणे. अशोक चौक, साखर पेठ अशा भागांत, जिथे घराला लागूनच माग चालतात, तिथे सुताचा बारीक भुरका या पंख्यात नमद्यासारखा बसतो, वारा अडतो आणि शेगडी दहा मिनिटांत आपोआप बंद पडते. अशा वेळी आतला सर्किटचा बोर्ड बदलायला सांगणाऱ्याला आधी पंखा दाखवावा. झाकण उघडण्यापूर्वी पिन काढून बराच वेळ थांबावे, कारण आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंतचा भार शिल्लक असू शकतो. काचेच्या मध्याखाली तापमान मोजणारा मण्याएवढा थर्मिस्टर असतो. तो काचेपासून सुटला असेल तर पांढरी पेस्ट लावून पुन्हा टेकवता येतो. फ्यूज उडाला असेल तर तो उगाच उडालेला नसतो. बहुधा बोर्डावरचा आयजीबीटी (प्रवाह जलद चालू-बंद करणारा भाग) किंवा रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारा भाग) शॉर्ट झालेला असतो, आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधली तर बोर्डच जळतो. हे काम दुकानाचे. काचेला केसाएवढी जरी भेग गेली तरी शेगडी त्याच क्षणी बंद करून काच बदलेपर्यंत बाजूला ठेवावी, कारण उतू गेलेले दूध त्या भेगेतून सरळ जिवंत बोर्डावर उतरते.