खाडीकाठचा कोल्हा आणि माळावरचे खोकड

खारघर, ऐरोली किंवा विक्रोळीच्या खाडीलगत तिन्हीसांजेला कोल्हा दिसला की त्याचे छायाचित्र 'फॉक्स आला' अशा मथळ्यासह फिरू लागते, ही चूक मला फार खटकते. फॉक्सला मराठीत खोकड हा नेमका शब्द आहे. कोल्हा म्हणजे जॅकल. आंबट द्राक्षांच्या गोष्टीतील इसापाच्या फॉक्सचा आपण कोल्हा केला आणि शाळेतही तोच अर्थ पाठ केला. हिंदीतील 'लोमडी' मराठीत आणण्याचे तर काहीच कारण नाही.

रूपातील फरक सोपा आहे. खोकड सडपातळ, मोठ्या कानांचे, जेमतेम २ ते ३ किलोचे असते. कोल्हा त्याच्या तिप्पट भरतो. शेपटीच्या काळसर टोकावर मात्र विसंबू नये, ते दोघांनाही असते.

खरी फसगत होते ती अधिवासाविषयी. खोकड सोलापूरकडच्या आणि पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील कोरड्या, उघड्या माळरानावर बिळे करून राहते. खारफुटीचा चिखल त्याच्यासाठी नाही. तेथे वावरतो तो कोल्हा, जो कुत्र्या-लांडग्यांचा जवळचा नातलग असून खेकडे, उंदीर, फळे, उकिरड्यावरचे उष्टे असे मिळेल ते खातो. 'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण निरीक्षणातूनच आली आहे. म्हणून फॉक्सविषयीचे परदेशी सल्ले येथे उपयोगाचे नाहीत. अमेरिकेतील उपनगरांत कायोटी या कोल्ह्यासारख्या रानटी प्राण्याबाबत जी काळजी घेतात, ती कोल्ह्याच्या बाबतीत अधिक लागू पडते, कारण ते दोघे एकाच प्रजातीगटातील आहेत.

त्यातली पहिली गोष्ट उघड्यावरच्या अन्नाची. भटक्या कुत्र्यांसाठी खाडीच्या कडेला भात टाकून ठेवण्याची सवय मला अजिबात मान्य नाही, कारण त्या अन्नावर कुत्री आणि कोल्हे एकत्र येतात आणि रेबीज, डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य आजार) यांसारखे रोग एकमेकांना देतात. रात्रीची कोल्हेकुई हा हल्ल्याचा इशारा नसून त्यांचा आपसांतील संवाद आहे. तिला घाबरून फटाके लावू नयेत. कोल्हा समोर आलाच तर त्याला कोंडीत न पकडता निघून जाण्यास वाट द्यावी, आणि तो अडखळत चालताना किंवा विनाकारण अंगावर येताना दिसल्यास वनविभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे. चावा किंवा ओरखडा लहान असला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि लसीसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.