नेटवर्क अनलॉकिंग

नेटवर्क अनलॉकिंग : विशिष्ट मोबाइल कंपनीच्याच सिमवर चालेल अशी तजवीज करून विकलेला फोन इतर कंपन्यांच्या सिमवरही चालेल असा करणे. ज्या बंधनातून फोन मोकळा करायचा त्याला सिम-लॉक किंवा नेटवर्क-लॉक म्हणतात. स्क्रीन-लॉक उघडणे, बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) अनलॉक करणे, फोन रूट वा जेलब्रेक करणे (निर्मात्याने घातलेली सॉफ्टवेअरची बंधने तोडणे) ही निराळी कामे आहेत. जेलब्रेकशी होणारी गल्लत मात्र अगदीच निराधार नाही. सुरुवातीच्या आयफोनवर अनलॉकचे सॉफ्टवेअर चढवायला आधी जेलब्रेक करावा लागे.

उगम : अ‍ॅनालॉग काळात ग्राहकाचा क्रमांक हँडसेटमध्येच नोंदवलेला असे. जीएसएम या डिजिटल पद्धतीने ग्राहकाची ओळख सिमकार्डावर नेली आणि कोणाचेही सिम कोणत्याही फोनमध्ये चालू लागले. कुलपाचा प्रश्न तेथून निघाला. ते मुळात कशासाठी आले, याविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार चोरीला आळा घालणे हा मूळ हेतू होता. जीएसएम ०२.२२ या मानकाचा (पुढे थ्रीजीपीपी २२.०२२) आधार त्याला मिळतो, कारण फोन एकाच सिमशी बांधण्याच्या प्रकाराचे वर्णन त्यात चोरीविरोधी सोय असेच केले आहे. दुसऱ्या मतानुसार कंपन्या फोन सवलतीत देऊन ती रक्कम मासिक बिलातून वसूल करीत. वसुली होण्याआधी ग्राहक दुसरीकडे जाऊ नये म्हणून कुलूप आले. जीएसएम ०२.२२ हे मानक साधारणपणे १९९० च्या दशकाच्या मध्यास आकाराला आले. त्यात बंधनाचे पाच प्रकार आहेत : नेटवर्क, नेटवर्कचा उपविभाग, सेवादाता, कंपनी-समूह आणि एकच सिम. यांपैकी शेवटचा प्रकार फोनच्या मालकाच्या उपयोगाचा आहे आणि प्रत्यक्ष बाजारात तो क्वचितच दिसतो. १९९६ च्या सुमारास युरोपीय आयोगाने या प्रश्नात लक्ष घातले, तेव्हाही चर्चा सवलतीच्या वसुलीचीच होती. आयोगाने ते कारण ग्राह्य मानले, पण कुलूप काढता आले पाहिजे असा आग्रह धरला. एकंदरीत दुसरे मत अधिक पटते. चोरीचे कारण मानकात असले, तरी कुलपाचा प्रसार त्यामुळे झाला असे दिसत नाही.

कुलपाची रचना : प्रत्येक सिममध्ये आयएमएसआय हा जास्तीत जास्त १५ अंकी ग्राहक-क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देशाचे आणि पुढचे दोन किंवा तीन नेटवर्कचे असतात. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीचा असा एक आरंभ ३१०४१० आहे, तर ब्रिटनमध्ये ओटू कंपनीचा २३४१०. फोन सुरू होताना सिममधून हा क्रमांक वाचला जातो आणि फोनच्या सुरक्षित स्मृतीत साठवलेल्या यादीशी ताडून पाहिला जातो. ३१०४१० ला बांधलेल्या फोनमध्ये ओटूचे सिम घातले, तर तुलना तिसऱ्या अंकापर्यंतही जात नाही. पहिलाच अंक जुळत नाही. जुळणी फसली की फोन केवळ आपत्कालीन कॉलपुरता उरतो.

उपविभागाच्या प्रकारात (दोन अंकी नेटवर्क-क्रमांक धरल्यास) सहावा व सातवा अंकही तपासला जातो. स्वतःचे मनोरे नसलेली एखादी कंपनी दुसऱ्याच्या नेटवर्कवर सेवा विकत असेल, तर दोघांच्या ग्राहकांचे आरंभीचे अंक सारखे असू शकतात. तेथे सेवादाता प्रकार उपयोगी पडतो. त्यात आयएमएसआयबरोबर सिममधील पहिला समूह-क्रमांक पाहिला जातो; कंपनी-समूह प्रकारात दुसराही. यजमान नेटवर्कचे सिम चालते, मात्र त्याच नेटवर्कवरील पाहुण्या कंपनीचे चालत नाही, या नेहमीच्या तक्रारीचा उलगडा बहुधा येथेच होतो.

ही तपासणी फोनच्या मुख्य कार्यप्रणालीत नव्हे, तर रेडिओचे काम पाहणाऱ्या बेसबँड प्रोसेसरमध्ये होते. त्यामुळे फोन फॅक्टरी रीसेट केल्याने किंवा नवी रॉम (कार्यप्रणालीची दुसरी आवृत्ती) चढवल्याने कुलूप जात नाही. जीएसएमहून निराळ्या सीडीएमए पद्धतीच्या जुन्या फोनांत सिमच नसे. तेथे सहा अंकी सर्व्हिस प्रोग्रॅमिंग कोड हेच बंधनाचे साधन होते.

अनलॉक करण्याच्या पद्धती : मानकातील मूळ मार्ग कोडचा आहे. दुसऱ्या कंपनीचे सिम घातल्यावर पडद्यावर नेटवर्क अनलॉक पिनची मागणी येते. कंपनीने त्या फोनच्या आयएमईआयवरून (*#०६# दाबून दिसणारा १५ अंकी क्रमांक) दिलेला कोड तेथे भरायचा असतो. चुकीच्या प्रयत्नांची मोजणी होते आणि मर्यादा संपली की योग्य कोडही स्वीकारला जात नाही. नोकियाच्या डीसीटी४ पिढीच्या फोनांत कोड आयएमईआय व नेटवर्क-क्रमांक यांवरून ठरावीक गणिताने निघत असे. ते गणित बाहेर फुटले आणि कोड काढून देणारी सॉफ्टवेअरे फुकट फिरू लागली. पुढील फोनांत कोड यदृच्छ ठेवून त्याची नोंद केवळ सर्व्हरवर ठेवण्याकडे कल झुकला.

आयफोनमध्ये भरण्याचा कोडच नाही. कंपनी अ‍ॅपलला कळवते, सर्व्हरवरील त्या आयएमईआयची नोंद बदलते आणि फोन इंटरनेटशी जोडला की नवी मुभा त्याच्यात उतरते. सेटिंग्जमधील ‘अबाउट’ पानावर कॅरिअर लॉकच्या ओळीत सिमवर निर्बंध नसल्याची नोंद दिसली, की काम झाले.

सिम आणि फोन यांच्यामध्ये बसवायची पातळ चकती हा मधला मार्ग आहे. तपासणीच्या क्षणी ती फोनला मान्य असलेला आयएमएसआय दाखवते आणि नेटवर्कवर नोंदणी होताना खरा पुढे करते. कुलूप त्यामुळे निघत नाही, केवळ चकते. अपडेटनंतर अशा चकत्या निरुपयोगी झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. म्हणून याला अनलॉकिंग म्हणणे सैलपणाचे ठरते.

कायदा : सर्वांत गुंतागुंतीचा इतिहास अमेरिकेचा आहे. तेथे हा विषय दूरसंचाराऐवजी कॉपीराइटच्या कक्षेत गेला, कारण फोनमधील फर्मवेअर (यंत्रातच बसवलेले सॉफ्टवेअर) ही कॉपीराइट असलेली कृती आणि कुलूप हे तिचे संरक्षण, असा १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याचा अर्थ लावला गेला. त्या कायद्यातून सूट देण्याचा अधिकार लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ग्रंथपालांकडे आहे. फोन सोडवावा की नाही हे ग्रंथपालांनी ठरवावे, असा काहीसा विचित्र प्रसंग त्यातून उद्भवला. २००६ मध्ये सूट मिळाली, २०१० मध्ये ती चालू राहिली, पण २०१२ च्या निर्णयाने नव्या फोनांपुरती २६ जानेवारी २०१३ पासून संपली. त्याविरुद्ध व्हाइट हाउसकडे गेलेल्या अर्जावर १,१४,००० हून अधिक सह्या झाल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी बराक ओबामा यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने सूट पुन्हा लागू झाली. कुलूप लावून फोन विकण्यावर मात्र त्याने बंदी आलेली नाही.

जर्मनीत नोव्हेंबर २००७ मध्ये हँबुर्गच्या न्यायालयाच्या अंतरिम हुकमामुळे टी-मोबाइलला आयफोन कुलपाविना ९९९ युरोला विकावा लागला. डिसेंबरात तो हुकूम उठला. इतर काही देशांनी विक्रीवरच निर्बंध आणले : कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन कुलपाविना देणे आणि जुने विनाशुल्क सोडवणे बंधनकारक झाले. जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कुलूपबंद विक्री बंद झाली.

मर्यादा : अनलॉक झालेला फोन प्रत्येक नेटवर्कवर चालेलच असे नाही. त्याच्या रेडिओला त्या नेटवर्कचे बँड (रेडिओलहरींचे पट्टे) पकडता यावे लागतात. शिवाय काही कंपन्या एलटीई म्हणजे ४जी नेटवर्कवरून कॉल (व्होल्टी) करण्याची मुभा ठरावीक मॉडेलांनाच देतात. असा फोन डेटा वापरतो, पण जेथे जुनी नेटवर्के बंद झाली आहेत तेथे त्यावरून कॉल लागत नाही. चोरीला गेल्यामुळे आयएमईआय काळ्या यादीत असलेला फोन अनलॉक केला, तरी यादी मानणारी नेटवर्के त्याला नाकारतात. ती अडवणूक नेटवर्कच्या बाजूने होते, फोनच्या नव्हे. ई-सिममुळेही कुलूप सुटत नाही. प्रोफाइल डाउनलोड झाले, तरी त्यातील आयएमएसआय त्याच यादीशी ताडला जातो.