नान्नज

नान्नज : सोलापूर जिल्ह्याच्या उत्तर सोलापूर तालुक्यातील गाव. सोलापूरच्या उत्तरेस सुमारे 20 किमी., सोलापूर–बार्शी रस्त्यावर. जामखेड तालुक्यातील नान्नज आणि संगमनेरकडील नान्नज दुमाला ही गावे वेगळी. जुन्या कागदांत नुसते ‘नान्नज’ आढळल्यास परगणा पाहूनच निर्णय करावा. जमीन बरीचशी मुरमाड, पाऊस बेभरवशाचा. ज्वारी, तूर व द्राक्षे ही पिके. शेजारच्या मार्डीस यमाईचे देऊळ आहे.

पक्षिनिरीक्षकांना हे गाव माळढोकामुळे ठाऊक आहे. ढोक हे नाव मराठीत करकोच्याच्या जातीच्या पक्ष्यांना लावतात (उदा., चामढोक), तेव्हा माळावरचा ढोक तो माळढोक, ही फोड सरळ दिसते. मात्र हा पक्षी करकोच्यांच्या कुळातला नव्हे. विणीच्या हंगामात नर गळ्याची पांढरी पिशवी फुगवून जवळजवळ पायापर्यंत लोंबती सोडतो व घुमतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. दोहोंना मोकळे गवत लागते. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून या माळांवर गवताबरोबर झाडेही लावली गेली. ग्लिरिसिडियासारख्या झाडांनी माळाचे मोकळेपण घटले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. 1979 मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे 8,496 चौ. किमी. क्षेत्र अभयारण्य ठरले. त्यात शेते, रस्ते, वस्त्या सगळेच आल्याने जमिनीचे व्यवहार अडले. पुढे क्षेत्र सुमारे 1,222 चौ. किमी.वर आणण्यात आले. अलीकडे माळढोक क्वचितच दिसतो. काळवीट, लांडगा, खोकड आढळतात.

द्राक्ष बागायतदारांत नान्नजचे नाव ‘सोनाका’ या वाणामुळे आहे. थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या द्राक्षवाणाच्या वेलीवर आपोआप झालेल्या बदलातून तो नानासाहेब काळे यांनी निवडला. काळ साधारणतः 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धातला धरतात. मणी लांबट, पिकल्यावर पिवळसर. त्यामुळे नाव ‘सोन्या’वरून आले असे मानण्याचा मोह होतो, पण सोलापूर, नान्नज व काळे यांच्या आद्याक्षरांचा तो जोड, ही बागायतदारांतील माहिती अधिक विश्वसनीय. असा वेगळा डोळा बागेत एखाद्याच काडीवर फुटतो. छाटणीत ती काडी गेली तर वाणही जातो. ती राखून खुंटावर कलम केले तरच तो टिकतो. किशमिश चोर्नी या द्राक्षवाणापासूनचा काळा ‘शरद सीडलेस’ही नान्नजचाच, 1990 च्या सुमाराचा.