खाऱ्या पाण्याशी धातूचे जुने वैर

विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारे असलेला भाग, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. तरीही अकोला, अमरावती किंवा बुलडाण्याच्या या गावांत हापशीचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप वर काढला, की आट्यांपाशी जस्ताचा मुलामा उडून लोखंडाचे पापुद्रे हाताला येतात. समुद्रात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात, येथे त्याहून पुष्कळ कमी. पण धातूला पोखरणारे, मिठातले क्लोराइड दोन्हीकडे तेच.

या दुखण्याचा पहिला नीट तपास जहाजावर झाला. लाकडी तळाला किडे पोखरू नयेत म्हणून ब्रिटिश नौदलाने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेला तांब्याचे पत्रे ठोकले, मात्र खिळे लोखंडी वापरले. दोन वर्षांनी पाहावे तर तांबे शाबूत होते आणि खिळे बहुतेक ठिकाणी विरघळले होते. ज्या थोड्या जागी पत्र्यांना गुंडाळलेला तपकिरी कागद काढायचा राहून गेला होता, तेथील खिळे मात्र धड होते! दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले की त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजतो, हे त्या विसरलेल्या कागदाने दाखवून दिले. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये हीच गोष्ट उलटी वापरली आणि तांबे वाचवण्यासाठी त्याला लोखंड व जस्त जोडले. तांबे वाचले; पण ते विरघळेनासे झाल्याने त्याचे विषही पाण्यात उतरेना, आणि तळावर शिंपले व शेवाळ माजले. आपल्या पाइपावरचे जस्त याच न्यायाने आधी स्वतः झिजते, म्हणून ते संपले की लोखंडाची पाळी येते.

पुढे १८३२ मध्ये बर्मिंगहॅमचे कारखानदार मुंट्झ यांनी साठ भाग तांबे आणि चाळीस भाग जस्त यांचे स्वस्त पितळ आणले. पोलादाचा प्रश्न सुटायला मात्र विसावे शतक उजाडले. इंग्लंडच्या शेफिल्डमध्ये धातुतज्ज्ञ हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियमचे पोलाद, म्हणजे स्टेनलेस स्टील, ओतले. क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर त्याला गंजू देत नाही, पण क्लोराइड त्या थरालाही भोके पाडते. म्हणून स्टेनलेस स्टीलच्या समुद्रकामाच्या ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू घालतात.

बाजारात पाइप घेताना आपल्याकडे चुंबक लावून, तो चिकटला नाही तर ‘अस्सल स्टील’ मानण्याची रीत आहे. मात्र २०२, ३०४ आणि ३१६ या तिन्ही प्रतींना चुंबक बहुधा चिकटतच नाही, आणि मॉलिब्डेनम आहे की नाही हे तर त्याला मुळीच कळत नाही.