फ्लूचा मृत्युदर वेगळा, भरती रुग्णांचा वेगळा

फ्लूची साथ वाढली की नागपुरातल्या व्हॉट्सॲप गटांवर तोच हिशेब फिरू लागतो. इतके पॉझिटिव्ह, इतके मृत्यू, म्हणजे शंभरात सात-आठ जण दगावणारच! भागाकार बरोबर असतो, भागलेलं चुकीच्या आकड्याने असतं.

स्वाइन फ्लू की साधा फ्लू, या वादात शिरत नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूचा विषाणू एच१एन१ केव्हाच दरवर्षीच्या फ्लूत जमा झालाय.

खरी मेख चाचणीत आहे. त्या साथीत केंद्राने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले. ताप, खोकला, घसा एवढंच असेल तर अ : घरी थांबा, चाचणी नको. ताप जोराचा, किंवा रुग्ण गरोदर, म्हातारा, मधुमेही असेल तर ब : गरजेप्रमाणे औषध, चाचणी तरीही नको. धाप लागली, छातीत दुखू लागलं, रक्तदाब उतरला की क. चाचणी आणि भरती त्याचीच. म्हणजे यादीत नाव चढतं तेच मुळी बहुतेक गंभीर माणसाचं. कळमन्याच्या फळबाजारात निवडून बाजूला काढलेल्या सडक्या संत्र्यांवरून कुणी अख्ख्या बागेचा भाव करत नाही.

२०१५ साली देशात स्वाइन फ्लूचे साडेबेचाळीस हजारांवर रुग्ण नोंदले गेले आणि जवळपास ३,००० दगावले. सात टक्के झाले, पण नोंदलेल्यांतले. अमेरिकेतला २००९-१० चा सरकारी अंदाज बघा. लागण सुमारे ६ कोटींना, भरती पावणेतीन लाख, मृत्यू साडेबारा हजार. भरतीच्या आकड्याने भागलं तर साडेचार टक्के, लागणीच्या आकड्याने भागलं तर ०.०२. साथ तीच, मृत्यू तेच.

त्याहून चीड येते ती 'मेडिकलला नेऊ नका, तिथे जास्त मरतात' या सल्ल्याची. मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत गडचिरोली-गोंदियापासून छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. कितीतरी जण दुसरीकडे पैसे संपल्यावर, श्वास अडकल्यावर आणलेले. ओसेल्टामिवीर या फ्लूच्या औषधाचा खरा उपयोग लक्षणं दिसल्यापासून पहिल्या ४८ तासांत. ते तास दुसरीकडेच गेलेले असतात, मृत्यू मात्र शेवटच्या खाटेच्या नावावर लागतो.

आणि दर फुगतो, तरी मृत्यूंची मोजणी तोकडीच पडते. २००९ च्या साथीत प्रयोगशाळेने पक्के केलेले मृत्यू जगभरात सुमारे १८,५००, नंतरच्या संशोधनातला अंदाज दीड ते पावणेसहा लाख. मधले सगळे चाचणीविना गेलेले, घरी गेलेले, किंवा दाखल्यावर नुसता न्यूमोनिया लिहिलेले.