अंड्यांच्या ट्रेने खोली साउंडप्रूफ होत नाही

घरी गाणी बनवायला बसलेल्या पोरांना पहिला सल्ला मिळतो तो हाच: भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटव, बाहेरचा आवाज येणार नाही. येतोच. आवाज अडवायला वजन लागतं आणि फटी बुजलेल्या लागतात. पुठ्ठ्याला वजनच नाही. तो फार तर टिपेच्या सुरांचा थोडा घुमारा शोषतो, ढोलाचा दणका सरळ आरपार जातो. शिवाय मालवणच्या दमट हवेत पुठ्ठ्याला बुरशी धरते, आणि ठिणगी पडली तर तो भुरकन पेटतो, हे जास्त वाईट.

त्यापेक्षा गाणाऱ्याच्या पाठीमागे आणि बाजूंना जाड गोधड्या टांगा, खोलीतला घुमारा बराच कमी होतो. कौलांवर पावसाची सर वाजू लागली की माईक बंद, हेडफोन लावून बीट जुळवा. गाण्याचा आवाज पावसाने उघडीप दिल्यावर रेकॉर्ड करा. कौलांवरचा पाऊस गोधडीनेही अडत नाही.